हलव्याचे दागिने, अर्धवेळ नोकरी आणि राहून गेलेलं उत्पन्न: एक प्रकरण

हे प्रकरण पुण्यातलं आहे. ज्यांचं आहे त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलं नाहीये आणि आकडे सोयीसाठी गोल केलेत. मी सीए नाही, घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचे हिशेब लिहून द्यायचं काम करते, त्यामुळे वहीपासून रिटर्नपर्यंतचा सगळा प्रवास जवळून बघायला मिळाला. कायद्याचा भाग एका सीए मॅडमनी बघितला.

पार्श्वभूमी

ताई (इथे नुसतं ताईच म्हणू) चाळिशीच्या आसपासच्या, सकाळी सात ते बारा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. पगार २०२३-२४ मध्ये महिना ३०,००० होता, पगाराची स्लिप मिळते, पीएफ कापला जातो, वर्षाअखेरीला फॉर्म १६ म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला मिळायचा. हे मुद्दाम सांगतेय कारण अर्धवेळ काम करणाऱ्या बऱ्याच जणींना आपण पगारावर आहोत की 'प्रोफेशनल फी'वर हेच माहीत नसतं, हातात फॉर्म १६ऐवजी १६ए येतो आणि त्यावर १०% टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर असतो, तिथे गणित वेगळं होतं. ताईंचं तसं नव्हतं, तो सरळ पगार होता.

दुपारनंतरचा वेळ दागिन्यांचा. २०२० च्या लॉकडाऊननंतर भाचीच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने केले, मुकुट, बासरी, हार, बाजूबंद, फोटो व्हॉट्सअॅपवर गेले आणि पुढच्या संक्रांतीला पंधरा-वीस ऑर्डरी आल्या. मग नव्या सुनांचे सेट सुरू झाले, मंगळसूत्र, नथ, कंबरपट्टा, जावयाला हार आणि घड्याळ. मग लग्नसराईत रुखवत आणि गौरी-गणपतीला तोरणं. काटेरी हलवा एका कारागिराकडून किलोवर येतो, मणी, जर, लेस वगैरे रविवार पेठेतून, बोहरी आळीतून. धंदा पूर्ण सीझनचा. नोव्हेंबर ते जानेवारी मान वर करायला वेळ नसतो आणि जून-जुलैत हलव्याला हवेने पाणी सुटतं, त्यामुळे त्या दिवसांत दागिने करायचेच नाहीत.

पैसे बहुतेक यूपीआयवर येत होते आणि तेही पगार येतो त्याच सेव्हिंग खात्यात. प्रदर्शनात स्टॉल लावला की थोडी रोकड. हिशेबाची म्हणून एक वही होती पण तिच्यात माप, रंग, 'आत्याबाईंना १२ ला द्यायचं' आणि अॅडव्हान्स किती, एवढंच.

आयकर रिटर्न ताई दरवर्षी भरत होत्या, आयटीआर-१, फक्त पगार आणि बँकेचं व्याज. एक ओळखीचा मुलगा लॅपटॉपवर भरून द्यायचा. दागिन्यांचं उत्पन्न कधीच दाखवलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही हो, "ते काय, घरबसल्या करते ते, त्याला काय धंदा म्हणायचं" असं त्यांच्या डोक्यात होतं. आणि दुसरी भीती, एकदा दाखवलं की दरवर्षी टॅक्स लागणार, जीएसटी लागणार, ऑफिसवाले दारात येणार.

अडचण कुठे आली

जानेवारी २०२४ मध्ये एका कंपनीने संक्रांतीनिमित्त त्यांच्या ऑफिसात ताईंची दागिने बनवायची कार्यशाळा ठेवली, सोबत स्टाफच्या मुलांसाठी सेटही घेतले. बिल १,२०,००० चं. कंपनीने कलम १९४सी (कंत्राटी कामाच्या पैशांवर कर कापायचं कलम) खाली १% म्हणजे १,२०० रुपये टीडीएस कापला आणि १,१८,८०० खात्यात टाकले. ताईंना वाटलं बँकेने काहीतरी चार्ज लावला असेल.

जुलै २०२४ मध्ये त्या मुलाने आयटीआर-१ उघडला, पोर्टलवर सगळं आपोआप भरून येतं तसं ते १,२०० पण टीडीएसच्या रकान्यात येऊन बसले. पगाराचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आसपास, सूट धरून टॅक्स शून्य, म्हणून १,२०० रिफंड. महिन्याभरात रिफंड खात्यात आला आणि सगळे खूश. पण ज्या १,२०,००० वर तो टीडीएस कापला गेला होता ते उत्पन्न रिटर्नमध्ये कुठेच नव्हतं! टीडीएस माझा म्हणून मागून घेतला आणि तो ज्या पैशांवर कापला ते पैसे माझे नाहीत, असा त्या रिटर्नचा अर्थ होत होता. असं मी आणखीही दोन-तीन जणींच्या बाबतीत बघितलंय.

१७ डिसेंबर २०२४ ला सीबीडीटीने, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, एक मोहीम जाहीर केली. एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरणात दिसणारे व्यवहार आणि भरलेलं रिटर्न जुळत नसेल अशा लोकांना एसएमएस आणि ईमेल पाठवायची. २०२३-२४ आणि २०२१-२२ या दोन आर्थिक वर्षांसाठी होती. ताईंनाही मेसेज आला. त्यात नोटिशीची भाषा नव्हती, 'जुळत नाही, तपासून घ्या आणि गरज असेल तर सुधारित रिटर्न भरा' इतकंच होतं. पण २०२३-२४ चं सुधारित रिटर्न भरायची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर आणि संक्रांत १४ जानेवारीला. म्हणजे वर्षातले सगळ्यात गर्दीचे दिवस, घरात टेबलभर हलवा पसरलेला, दोन मदतनीस बायका हार ओवतायत आणि मध्येच हा मेसेज.

समोर काय काय रस्ते होते

पहिला रस्ता, काहीच न करणं. नवऱ्याचं मत तेच होतं, सव्वा लाखासाठी कोण येतंय. खरं सांगायचं तर लगेच कोणी आलंही नसतं. पण ती १९४सीची नोंद पॅनवर कायमची आहे, ती पुसली जात नाही, आणि रिफंड घेतलेला आहे, म्हणजे उद्या प्रश्न आला तर 'मला माहीत नव्हतं' म्हणायलाही तोंड राहिलं नसतं.

दुसरा रस्ता त्या रिटर्न भरून देणाऱ्या मुलाने सुचवला. एआयएसमध्ये प्रत्येक नोंदीसमोर आपलं म्हणणं द्यायची सोय असते, तिथे 'माहिती बरोबर नाही' असं टाकून द्यायचं. ताई खरंच ते दाबायच्या बेतात होत्या. हा रस्ता सगळ्यात वाईट होता असं माझं स्पष्ट मत आहे, कारण व्यवहार खरा आहे, कंपनीकडे बिल आहे, बँकेत पैसे आलेत, कंपनी नोंद बरोबर असल्याचं सांगणार. कमी उत्पन्न दाखवलं तर त्यावरच्या कराच्या ५०% दंड असतो पण जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असं ठरलं तर २००%. साधी राहून गेलेली गोष्ट स्वतःच्या हाताने खोट्यात कशाला बदलायची.

तिसरा रस्ता, आत्ता गडबड नको, संक्रांत होऊ दे, नंतर 'अपडेटेड रिटर्न' म्हणजे आयटीआर-यू भरू, त्याला भरपूर मुदत असते. हा पर्याय ऐकायला एकदम शहाणपणाचा वाटतो, मलाही वाटला होता. पण सीए मॅडमनी इथे एक गोष्ट सांगितली जी या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. आयटीआर-यू कोणाला भरता येतो? ज्याला त्यामुळे जादा टॅक्स भरावा लागणार आहे त्यालाच. त्याने टॅक्स कमी होत असेल, रिफंड वाढत असेल किंवा जादा काहीच भरायचं निघत नसेल तर आयटीआर-यू चालत नाही. आणि ताईंचं गणित अंदाजे मांडलं तर दागिन्यांचा नफा धरूनही टॅक्स शून्यच येत होता.

म्हणजे गंमत बघा, ज्याने टॅक्स बुडवलाय त्याला जादा २५%, ५०% भरून चूक सुधारायला पुढे काही वर्षं होती, आणि जिचा टॅक्सच होत नाही तिला मात्र तेव्हा ३१ डिसेंबरनंतर दुरुस्तीचं दार बंद होतं. ताईंसारख्या बायका 'आपल्याला टॅक्स लागतच नाही, मग घाई काय' म्हणून निवांत असतात आणि त्यांच्यासाठीच मुदत सगळ्यात कमी होती.

मग उरला चौथा रस्ता. आयटीआर-१ सोडून आयटीआर-४ मध्ये, म्हणजे छोट्या धंद्याचं उत्पन्न दाखवायच्या फॉर्ममध्ये, सुधारित रिटर्न, तेही आत्ताच. सुधारित रिटर्नला तेव्हा लेट फी नव्हती आणि फॉर्म बदललेला चालत होता. आयटीआर-१ मध्ये धंद्याचं उत्पन्न दाखवायला जागाच नसते, त्यामुळे फॉर्म बदलणं भागच होतं.

हिशेब कसा उभा केला

या भागात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि अशा प्रत्येक प्रकरणात इथेच जातो. बँकेच्या पासबुकात २०२३-२४ मध्ये जमा झालेली रक्कम साडेनऊ लाखांच्या आसपास होती. ताई ते बघूनच हबकल्या, "अगं एवढं मी कमवतच नाही!" अर्थातच नाही. त्यात पगार होता, भिशीचे ६०,००० होते, भावाने परत केलेले उसने पैसे होते, मुलाच्या वर्गातल्या आयांनी सहलीसाठी ताईंच्या जीपेवर गोळा केलेले पैसे होते, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी होती. हे काहीच उत्पन्न नाही पण पासबुकात सगळं एकसारखंच दिसतं.

स्टेटमेंट एक्सेलमध्ये घेऊन एकेक ओळ वहीशी आणि व्हॉट्सअॅपच्या चॅटशी लावली. विक्री हिरवी, पगार निळा, बाकीचं राखाडी. राखाडी ओळींसमोर दोन शब्दांत कारण लिहिलं, 'भिशी', 'सहल', 'दादा'. हे दोन शब्द पुढे फार उपयोगी पडतात कारण वर्षभराने आपल्यालाच आठवत नाही.

मधे काही ठिकाणी अडलं. एक लग्न मोडलं होतं आणि रुखवताचे ८,००० परत केले होते, ते विक्रीतून वजा केले. मार्च २०२४ मध्ये २२,००० अॅडव्हान्स आला होता पण ते लग्न अक्षय तृतीयेचं, म्हणजे १० मेचं, माल एप्रिलच्या शेवटी दिला, म्हणून ती विक्री पुढच्या वर्षात टाकली. कंपनीचे मात्र १,२०,००० पूर्ण धरले, खात्यात आलेले १,१८,८०० नाही, कारण कापलेला टीडीएस हाही आपलाच पैसा असतो. रोख विक्रीसाठी स्टॉलच्या दिवसांची वहीतली बेरीज घेतली.

शेवटी वर्षाची विक्री निघाली ४,८५,०००. त्यातली ४,१०,००० बँकेतून किंवा यूपीआयने, ७५,००० रोख. खर्च, म्हणजे हलवा, मणी, लेस, कार्डबोर्ड, दोन बायकांची मजुरी, कुरिअर, स्टॉलचं भाडं, जमेल तेवढ्या बिलांवरून आणि वहीवरून २,९०,०००. हातात राहिले १,९५,०००.

नफा किती दाखवायचा

आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम ४४एडी खाली छोट्या धंद्यांना सोय होती, खर्चाची सगळी पुस्तकं न ठेवता विक्रीच्या ठराविक टक्के नफा धरायचा, रोखीवर ८% आणि डिजिटलवर ६%. ताईंच्या बाबतीत ४,१०,००० चे ६% म्हणजे २४,६०० आणि ७५,००० चे ८% म्हणजे ६,०००, एकूण ३०,६००. सीए ऑफिसातला ज्युनिअर म्हणाला की ३०,६०० टाकून मोकळे व्हा, सगळे तेवढंच टाकतात.

इथे जरा वादच झाला. ६ आणि ८ टक्के हे किमान आहे. कायद्यातच म्हटलंय की यापेक्षा जास्त कमाई सांगितली तर ती जास्तीची रक्कम धरायची. हाताने केलेल्या कामात मार्जिन चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं कारण मुख्य माल म्हणजे आपलीच मेहनत. मग १,९५,००० कमावून ३०,६०० का दाखवायचे? कमी दाखवून काही वाचणार असतं तर मोह समजू शकते. पण गणित असं होतं:

पगार ३,६०,००० वजा स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट मिळणारी वजावट) ५०,००० म्हणजे ३,१०,०००. त्यात धंद्याचे १,९५,००० आणि व्याजाचे ९,०००. एकूण ५,१४,०००. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३ लाखांच्या वर ५%, म्हणजे १०,७०० टॅक्स, पण उत्पन्न ७ लाखांच्या आत असल्यामुळे कलम ८७ए ची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना करात मिळणारी पूर्ण सूट, म्हणून शून्य. ३०,६०० दाखवले असते तरी शून्य, १,९५,००० दाखवले तरी शून्य. आणि ताईंना पुढे मशीनसाठी कर्ज काढायचं होतं, बँकवाला रिटर्नमधला नफा बघतो, वर्षाला तीस हजार नफ्यावर तो काय देणार. शिवाय तीस हजार नफ्यातून दीड लाखाची एफडी कशी झाली हे कोणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं?

ताईंनी खरा आकडा टाकायचं ठरवलं. फॉर्ममध्ये डिजिटल आणि रोख अशा दोन वेगळ्या ओळी असतात, तिथे १,६५,००० आणि ३०,००० असे विभागून टाकले.

दोन गोष्टी मॅडमनी इथेच तपासून घेतल्या. पहिली, ४४एडीत एकदा शिरलं की पाच वर्षं त्यातच राहावं लागतं, मध्येच एखाद्या वर्षी किमान टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं ही सोय मिळत नाही, आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर पुस्तकं आणि ऑडिट मागे लागतं. चाळीस टक्के मार्जिनच्या धंद्यात ही भीती फारशी नाही. दुसरी, कमिशन. शेजारच्या काकूंचे फेटे आपल्या स्टॉलवर ठेवून त्यावर दहा टक्के ठेवून घ्यायचे असा ताईंचा पुढच्या सीझनचा बेत होता. कमिशनचं उत्पन्न असणाऱ्याला ४४एडी लागू होत नाही! म्हणून काकूंकडून फेटे सरळ विकत घ्यायचे आणि आपल्या भावाने विकायचे असं ठरलं. काकूंना पैसे आधी मिळणार म्हणून त्याही खूश.

लॅबला सांगायचं का

ताईंना याची सगळ्यात जास्त धास्ती होती. नेमणूक पत्र शोधून काढलं तर त्यात ओळ होतीच, लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये. चार वर्षं कोणी ती वाचलीच नव्हती. (सरकारी नोकरी असती तर प्रकरण बरंच कडक झालं असतं, तिथे खासगी धंद्याला आचारनियमांनीच आडकाठी आहे.) लॅबच्या डॉक्टरांना एक छोटं ईमेल केलं, कामाच्या वेळेबाहेर घरी हस्तकलेचं काम करते, लॅबच्या कामाशी संबंध नाही, परवानगी असावी. दोन दिवसांत उत्तर आलं, हरकत नाही, फक्त लॅबमध्ये विक्री नको. त्या डॉक्टरांच्या सुनेचा संक्रांतीचा सेट ताईंनीच केला होता, हे नंतर कळलं.

धंद्याचं उत्पन्न मालकाला कळवून पगारातूनच टीडीएस कापून घ्यायची सोय असते. टॅक्सच शून्य म्हटल्यावर ताईंनी ते केलं नाही.

रिटर्न भरताना

३० डिसेंबरला सगळं तयार होतं आणि अडलं कुठे, तर आधारला जोडलेला मोबाईल नंबर जुना, बंद पडलेला. ई-व्हेरिफिकेशनचा ओटीपी येईना. ३१ तारखेला सीबीडीटीने मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवल्याचं जाहीर केलं, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. हा निव्वळ योगायोग, त्यावर कोणी विसंबू नये. तोवर नेट बँकिंगमधून व्हेरिफाय करता येतं हे लक्षात आलं आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रिटर्न गेलं.

आयटीआर-४ मध्ये ३१ मार्चला शिल्लक माल किती, येणं किती, देणं किती, हातात रोकड किती हेही विचारतात. ताई म्हणाल्या हलवा उरतच नाही, उरला तर पावसाळ्यात टाकून द्यावा लागतो. मणी-लेसचा अंदाजे १४,००० चा साठा दाखवला.

आधीच्या वर्षांचं काय, हा प्रश्न आलाच. २०२२-२३ चा हिशेब कच्चा मांडला तर पगार आणि नफा मिळून उत्पन्न पाच लाखांच्या आतच, जुन्या प्रणालीतल्या सुटीने टॅक्स शून्य, म्हणजे पुन्हा तेच, आयटीआर-यू भरताच येत नाही. तो हिशेब छापून, स्टेटमेंट जोडून फाइलमध्ये ठेवला. विचारलं तर दाखवता येईल एवढंच त्यात करता येण्यासारखं होतं.

निकाल

फेब्रुवारीच्या शेवटी १४३(१)ची, म्हणजे रिटर्न तपासून झाल्याची, सूचना आली, मागणी शून्य, जादा रिफंड शून्य. आधी मिळालेले १,२०० आता हक्काचे झाले.

२०२४-२५ चं रिटर्न ऑगस्ट २०२५ मध्ये थेट आयटीआर-४ मध्ये भरलं. विक्री ६,१०,०००, खर्च ३,५५,०००, नफा २,५५,०००. पगार ३,८४,००० वजा वाढलेलं स्टँडर्ड डिडक्शन ७५,०००, व्याज ११,०००, एकूण ५,७५,०००. टॅक्स पुन्हा शून्य. या वेळी हिशेब एका दुपारीत झाला कारण जानेवारीतच दुसरं खातं उघडून क्यूआर कोड बदलला होता. स्टॉलवरचा जुना कोड काढायचा राहिला आणि दोन-तीन महिने थोडे पैसे जुन्याच खात्यात येत राहिले, ते सोडून.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली, ती पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणारे एजंट असतात त्यांना देऊ नका. मग मुद्रा कर्जाला अर्ज केला. बँकेने दोन वर्षांची रिटर्न मागितली आणि ती दोन्ही धंद्याचं उत्पन्न असलेली निघाली. दोन लाख मागितले होते, १,२०,००० मंजूर झाले. बँकेचं म्हणणं धंदा सीझनल आहे.

काय वेगळं करता आलं असतं

जुलै २०२४ मध्ये रिटर्न पाठवायच्या आधी एआयएस आणि २६एएस (आपल्या नावावर कापलेल्या टीडीएसचा तक्ता) उघडून बघितलं असतं तर हे सगळं घडलंच नसतं. १९४सी आणि कंपनीचं नाव तिथे स्वच्छ दिसत होतं. भरून देणाऱ्या मुलाला दोष देऊन उपयोग नाही, त्याने जे आपोआप आलं ते पाठवलं, पण 'हे १,२०० कशाचे' एवढा एक प्रश्न ताईंनी तरी विचारायला हवा होता. रिफंड आला की आपण प्रश्न विचारत नाही, टॅक्स लागला की विचारतो.

वेगळं खातं दुसऱ्याच संक्रांतीला, म्हणजे ऑर्डरी ओळखीबाहेरून यायला लागल्या तेव्हाच उघडायला हवं होतं. चालू खातंच पाहिजे असं नाही, त्यांना बँकेने आधी दुसरं सेव्हिंग खातं दिलं. मात्र धंद्यासाठी सेव्हिंग खातं वापरलेलं बँकांना आवडत नाही, व्यवहार वाढले की चालू खातं घ्या म्हणून मागे लागतात.

कंपनीच्या कार्यशाळेचं बिलही नीट दोन भागांत हवं होतं, सेटची विक्री वेगळी, शिकवणी वेगळी. एकत्र बिलामुळे सगळ्यावरच टीडीएस कापला गेला. आणि शिकवणी ही सेवा आहे. महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला जीएसटीची मर्यादा ४० लाख पण सेवा आली की २० लाख. ताईंना दोन्ही लांब आहेत, तरी माहीत असलेलं बरं.

एका बाबतीत माझं आणि मॅडमचं अजूनही जुळत नाही. त्या म्हणतात ४४एडी आहे तर खर्चाचा एवढा कीस काढायची गरज नव्हती, अंदाजाने चाळीस टक्के टाकले असते तरी चाललं असतं. कायद्याने चाललं असतं हे खरंय. पण खर्च लिहिल्यामुळेच ताईंना कळलं की तोरणांमध्ये त्यांना मजुरी सुद्धा सुटत नाहीये आणि सगळी कमाई हलव्यात आणि रुखवतात आहे. या वर्षी तोरणं बंद केली.

अजून न सुटलेलं

परराज्यातल्या ऑर्डरी. बंगळुरू, इंदूर, हैदराबादचे मराठी लोक इन्स्टाग्रामवर विचारतात, कुरिअर कराल का. जीएसटी लागणारा माल राज्याबाहेर विकायचा तर विक्री कितीही कमी असो, नोंदणी लागते. ठराविक हस्तकला वस्तूंना यातून सूट आहे, पण ती एका यादीतल्या वस्तूंनाच, आणि साखरेच्या हलव्याला त्या यादीत ओढूनताणून बसवायचं नाही असं मॅडमनी सांगितलं. तेव्हापासून ताई राज्याबाहेर पार्सल पाठवत नाहीत. पुण्या-मुंबईतले सासरचे-माहेरचे कोणी असतील तर तेच विकत घेतात आणि स्वतः येऊन घेऊन जातात. बऱ्याच ऑर्डरी अशा सुटतात.

कंपोझिशन स्कीम (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) घेतली तर परराज्यात विकताच येत नाही, म्हणजे नियमित नोंदणीच घ्यावी लागेल, मग पुण्यातल्या गिऱ्हाइकालाही टॅक्स लावायचा आणि ऑर्डर नसलेल्या जून-जुलैतही रिटर्न भरायचं. सध्या ताई राज्याबाहेरून येणारी प्रत्येक चौकशी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतायत, गाव आणि रक्कम. दिवाळीनंतर त्याची बेरीज करून नोंदणी घ्यायची की नाही ते ठरवणार आहेत.